पोरांचा रकाना

पंचनाम्यात कोंबडीचाही भाव ठरलेला असतो. २०१९च्या महापुराच्या वेळी तो ५० रुपये होता. दुभत्या म्हशीचे ३०,०००, शेळीचे ३,०००, वाहून गेलेल्या भांड्यांचे २,०००, कपड्यांचे १,८००. पाणी ओसरल्यावर पलूस आणि मिरज तालुक्यांतल्या गावांमधून तलाठी-ग्रामसेवक पंचनामे करत फिरत होते आणि बऱ्याचदा मी त्यांच्याबरोबर असे. त्यांना माझी गरज नव्हती, मलाच घराघरात शिरायला निमित्त हवं होतं. भिंतीवरची पाण्याची रेघ बघायची, पडझड पूर्ण की अंशतः ते ठरवायचं, कुटुंबप्रमुखाची सही नाहीतर अंगठा घ्यायचा, की पुढचं घर. पोरं बाहेर टाकलेल्या भिजक्या गाद्यांवर बसून सगळं ऐकत असायची. एका घरात चौथी-पाचवीतली मुलगी मधेच म्हणाली, "माझं दप्तर बी गेलंय, त्ये लिवा की." तलाठी हसले नाहीत. त्यांनी खरोखर कागद उलटून पाहिला. दप्तर बसेल असा रकाना त्यात नव्हता.

माणूस भला होता. त्याचं स्वतःचं घरही पाण्यात गेलेलं, तरी तो दुसऱ्यांची घरं मोजत होता. मुद्दा त्याचा नाहीच. सरकारी मदत कुटुंबाला मिळते. त्या वर्षी गावात १०,००० आणि शहरात १५,००० रुपये रोख, वर दहा-दहा किलो गहू-तांदूळ. कुटुंब म्हणजे रेशनकार्डावरचं पहिलं नाव. घरात पोरं दोन की पाच, त्यानं आकडा हलत नाही. मुलांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी नोकरी करते, सांगली आणि सातारा हे आमचे जिल्हे. पूर असो, दरड असो, संकटात पोरांना कुणी मोजत नाही, काही सांगत नाही आणि काही विचारत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पावसाळ्याआधीच मला त्याचा राग यायला लागतो.

सांगलीत पुराची भाषा आयर्विन पुलाच्या फुटांची. ४० फूट इशारा, ४५ धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं होतं आणि जुन्या माणसांची खात्री होती की पाच सालची रेघ काही कृष्णामाई ओलांडत नाही. रेघेच्या वर फळ्या ठोकून त्यावर धान्य, कागदपत्रं, पोरांची पुस्तकं ठेवून लोक बसून राहिले. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जे निघाले ते ट्रॅक्टरनं निघाले, उशीर केला ते बोटीनं.

शिबिरासाठी आमच्या वाट्याला एका उंचावरच्या गावातलं मंगल कार्यालय आलं होतं. तिथं पहिले दोन दिवस पोरं खूश होती. हे सांगितलं की देणगीदार नाराज होतात, पण खरं तेच आहे. शाळा नाही, चुलत-मावस सगळी भावंडं एका छपराखाली, रात्री उशिरापर्यंत जागं राहायला मोकळीक. त्यांच्या दृष्टीनं ती जत्राच होती. तिसऱ्या दिवशी प्रश्न सुरू झाले, आणि ते घराबद्दल नव्हते, जनावरांबद्दल होते. दावी कापली का? कुणी कापली? कोंबड्या झापाखालीच राहिल्या का? मोठी माणसं "व्हय, सोडलंय सगळ्यांस्नी" असं सांगून विषय संपवत. ज्याच्यावर आपण विश्वास ठेवायचा त्याचा आवाज बदललेला पोरांना लगेच कळतो.

आठेक वर्षांचा एक मुलगा आपल्या रेडकाचं विचारत होता. त्याचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमीच कायतरी सांगा. म्हशीचं दावं कापलं म्या, रेडकाचं ध्यानात न्हाई." मी त्यांना म्हटलं, मग तेच सांगू. त्यांना पटलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही. मी मुलाला सांगितलं, म्हैस सोडली, रेडकाचं बाबांना आठवत नाही. तो रडेल असं मला वाटत होतं. तो हिशेबाला लागला. म्हशीला पवायला येतं. रेडकाला येतं का? मला माहीत नव्हतं. कोपऱ्यात पान लावत बसलेल्या एका आजोबांनी परस्पर उत्तर दिलं, "येतं की. पण दमतं लवकर." मग त्या दोघांचं बराच वेळ चाललं होतं, पाण्याला ओढ किती होती, रेडकू किती महिन्यांचं, बांध कुठं लागला असता. मला प्रशिक्षणात मुलांशी बोलण्याबद्दल जे शिकवलं होतं त्यापेक्षा ते आजोबा कितीतरी बरे होते.

ट्रकभर मदत आली, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पुण्या-मुंबईहून रात्रंदिवस गाडी हाकत तरुण मंडळी येत होती. पण गाडी जिथवर जाते तिथवरच मदत जाते. हमरस्त्यावरच्या गावांत बिस्किटांच्या पुड्यांची थप्पी आणि आतल्या मळ्यांत, वस्त्यांवर काही नाही. जुन्या कपड्यांचे ढिगारे इतके, की शेवटी ते नको झाले. आम्हाला हवं होतं ते वेगळंच: लहान मुलांच्या चड्ड्या, सॅनिटरी पॅड, उवांची फणी, नेलकटर, बाळाला भरवायला वाटी-चमचा, आणि वयात आलेल्या मुलींना कपडे बदलायला चार चादरी लावून केलेला एक आडोसा. हा आडोसा करायला आम्हाला त्या कार्यालयात भांडावं लागलं, कारण ती जागा देणगीदारांच्या सत्कारासाठी ठेवली होती!

दुसरं भांडण फोटोंवरून. "बाळ, हात पुढं कर" हे वाक्य मी त्या महिन्यात फार ऐकलं. एकच वही तीन मुलांना देऊन तीन फोटो काढलेले पाहिले. पोरं हुशार, गाडीचा आवाज आला की खेळ सोडून रांगेत, चेहरा पडलेला. काही दिवसांत त्यांना कळलं होतं की हसऱ्या पोराला कमी मिळतं. मग आम्ही ठरवलं, मुलांच्या हातात थेट काही द्यायचं नाही, आईकडे द्यायचं. एक गट चिडून सामान परत घेऊन गेला. जाऊ दे म्हटलं.

८ ऑगस्टला ब्रह्मनाळची बोट उलटली. कृष्णा आणि येरळा जिथं मिळतात ते गाव. बायका-पोरांसह १७ माणसं गेली. दुपारपर्यंत ते व्हिडिओ प्रत्येक मोबाईलवर होते आणि मोबाईल तेव्हाही पोरांच्याच हातात होते. त्या संध्याकाळी आम्ही कुठलाही खेळ घेतला नाही. पोरांनी विचारलं, आम्ही सांगितलं. पाठच्या गावातली नात्याची माणसं होती ती, लपवून काय लपणार होतं?

त्याच दिवसांत, त्याच जिल्ह्यात, जत आणि आटपाडीकडे टँकर चालू होते. पलीकडे साताऱ्यातल्या माणमध्ये चारा छावण्या उठलेल्या नव्हत्या. आमच्या शिबिरात आटपाडीकडनं भाकऱ्या आल्या, कापडात बांधलेल्या, चटणीसकट. घेऊन आलेला माणूस म्हणाला, "आमच्याकडं पाणी न्हाई, तुमच्याकडं लई झालंय, दोघं बी उपाशीच." तिथली मुलं छावणीत जनावरांजवळ झोपून शाळेला जात होती किंवा जात नव्हती, जतकडची काही दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला निघणार होती. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादमाच्या वहीत पोराचं नाव नसतं, पण मोळ्या वाहताना, धाकट्याला सांभाळताना ते असतंच. हे दरवर्षी होतं, म्हणून त्याला कुणी आपत्ती म्हणत नाही आणि ट्रक येत नाही. माझ्या मते हा पुरापेक्षा मोठा विषय आहे, पण तो सांगायला मी अपुरी आहे. माझं बरंचसं काम नदीकाठचं.

शाळांचं एक सांगते, कारण त्याबद्दल कुठं लिहून आलेलं नाही. पुस्तकं पुन्हा आली. भिंतींना रंग लागले. पण गावोगावच्या मुख्याध्यापकांचा जीव अडकला होता तो जनरल रजिस्टरात. प्रत्येक मुलाची जन्मतारीख, जात, दाखल झाल्याची नोंद त्यात. शाळा सोडल्याचा दाखला त्याच्यावरून, आणि पुढं जातीच्या दाखल्यापासून सगळं त्या दाखल्यावरून. एका गुरुजींनी पाणी शिरायच्या आधी शाळेतलं दुसरं काहीही न उचलता फक्त ती जाडजूड रजिस्टरं डोक्यावर घेतली होती. दुसऱ्या एका शाळेतली भिजली. तिथल्या बाई पान पान वेगळं करून, मधे वर्तमानपत्राचा कागद घालून, इस्त्री फिरवत होत्या. शाई पसरली होती. १९५०-६०च्या नोंदी शाबूत, कारण त्या टाक-दौतीच्या. अलीकडच्या जेलपेनच्या नोंदी निळ्या डागांसारख्या. मदत घेऊन आलेल्या एका पाहुण्यांनी मला विचारलं, या बाई पुरात कागद काय इस्त्री करत बसल्यात?

२ सप्टेंबरला गणपती बसले, तोवर ट्रक कमी झाले होते. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक आली आणि महापूर भाषणात गेला. पोरांचे खरे हाल त्यानंतर सुरू झाले. पाण्यात उभा ऊस कुजलेला, सोसायटीचं कर्ज थकलेलं, घराची भिंत ताडपत्रीची. तुळशीचं लग्न झालं आणि आमच्याकडे फोन यायला लागले.

एका गावातली मुलगी, दहावीत. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा कराडकडचा, खर्च निम्मा-निम्मा. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे कायद्यात बरोबर असेल. पण त्याला त्याच गावात नोकरी करायची असते, त्याच घरांकडून घरपट्टी वसूल करायची असते. त्यानं मला फोन केला आणि "माझं नाव कुठं येऊ देऊ नका" म्हणाला. मी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ला फोन करून, पोलीस घेऊन जाऊ शकले असते. कधीकधी तसंच करावं लागतं. इथं आधी नुसतीच गेले.

वडील बोलले नाहीत. आई बोलली. "ताई, कायदा मला ठाव हाय. माझं बी सोळाव्यालाच झालंय, ते काय चांगलं झालं असं मी म्हणत न्हाई. पण शाळा पल्याडच्या गावात. सायकल पुरात सडली. गाडी बंद हाय. सांजच्याला जादा तास संपवून पोरगी उसातनं चालत येती, दोन्ही बाजूनं ऊस, रस्त्यावर दिवा न्हाई. माझ्या जिवाला किती घोर असंल? लग्न झालं तर कुणाच्या तरी घरात तरी असंल."

मी घराची भिंत, कर्ज, हुंडा यांची उत्तरं मनात जुळवत गेले होते. इथं प्रश्न एसटीचा होता. मुलीकडे अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास होता, प्लास्टिकच्या पाकिटात नीट ठेवलेला. पास होता, बस नव्हती. पुरात ओढ्यावरची मोरी खचली म्हणून फेरी बंद झाली, मोरी दुरुस्त झाली आणि फेरी सुरू करायचं राहून गेलं. आगाराला अर्ज दिला. "बघतो" म्हणाले. पुन्हा दिला. सरपंचांचं पत्र, मुख्याध्यापकांचं पत्र. एकीकडे लग्नाची तारीख जवळ येत होती. शेवटी बचत गटाच्या बायका आणि मुख्याध्यापक मिळून आगारात जाऊन बसले, घोषणा नाहीत, काही नाही, नुसते बाकड्यावर बसले, डबे उघडून तिथंच जेवले. संध्याकाळची फेरी सुरू झाली.

लग्न मोडलं नाही, पुढं ढकललं गेलं. तिनं दहावीची परीक्षा दिली. त्या वर्षीचा भूगोलाचा पेपर करोनामुळे झालाच नाही, हे ती अजून हसून सांगते. बारावीनंतर, अठरा पूर्ण झाल्यावर, त्याच मुलाशी तिचं लग्न झालं. मी जेवायला गेले होते. आमच्या वार्षिक अहवालात ही गोष्ट नीट बसेना. पैसे कुठं खर्च झाले असं विचारलं तर अर्जाचे कागद आणि माझं बसभाडं. एसटीच्या फेरीवर कुणाला बॅनर लावता येत नाही, म्हणून ती कुणी देतही नाही.

२२ जुलै २०२१च्या रात्री साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. दरडीखाली आलेली गावं आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. आम्ही पोचलो तेव्हा वाचलेली माणसं कोयनानगरच्या शाळेत होती, मास्क हनुवटीवर. त्या मुलांची शाळा त्याआधीच वर्षभराहून जास्त मोबाईलवर होती, तीही डोंगरावर रेंज मिळेल तेव्हा. मोबाईल ढिगाऱ्यात गेला तशी शाळाही गेली.

कोयनेच्या खोऱ्यानं धरणाचं पाणी पाहिलं, ११ डिसेंबर १९६७चा पहाटेचा भूकंप पाहिला, मग व्याघ्र प्रकल्पाची बंधनं पाहिली, आता हे. तिथं सगळे आक्का म्हणत त्या बाई भूकंपाच्या वेळी सात वर्षांच्या होत्या. आम्ही मुलांना वर्गात घेऊन चित्रं, गाणी असं काहीतरी करत होतो, कारण बाहेर अंत्यसंस्कारांची बोलणी चालली होती आणि पोरांच्या कानावर ती नकोत असं सगळ्या मोठ्यांचं म्हणणं होतं. आक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भुईकंपात माझी आई गेली. मला मावशीकडं धाडलं. आईला कुठं नेली, कुणी नेली, मला कुणी दावलं न्हाई. लगीन झालं, पोरं झाली, तरी मला वाटायचं ती कुठंतरी असंल. ह्यांस्नी कोंडू नगा. ज्यांस्नी यायचं त्यांस्नी येऊ द्या."

मी आधी टाळाटाळ केली. मग आम्ही एकेका मुलाला विचारलं. काही आली, काही नाही आली. एक मुलगा अर्ध्या वाटेवरून परत फिरला आणि त्याच्याबरोबर परत यायला आमचा एक कार्यकर्ता होता, एवढी काळजी आम्ही घेतली होती. इतकंच काम. पण त्यासाठी एका पोरामागं एक मोठं माणूस लागतं, आणि संकटात मोठी माणसं फार कमी पडतात.

आईबाप दोन्ही गेलेली मुलंही होती. त्यांच्या नावानं येणारी सरकारी रक्कम मोठी होती आणि रक्कम जाहीर झाली की नातेवाईक वाढतात. सगळे लोभी नसतात, हे मी मुद्दाम लिहिते. एका भावंडांच्या जोडीसाठी, इथंही तपशील बदललेले, मुंबईहून काका आले होते. वाशीच्या मार्केटात माथाडी, पाटणची अर्धी माणसं तिथंच असतात. दुसरीकडे ढेबेवाडी खोऱ्यातले मामा. दोघंही खरोखर मुलांसाठी भांडत होते. बालकल्याण समितीपुढं मुलांना विचारलं गेलं. तेरा वर्षांच्या मुलाला मुंबई हवी होती. आठ वर्षांच्या बहिणीला मामी. आणि दोघांना एकत्र राहायचं होतं.

हे तिन्ही एकदम जमणार नव्हतं. पैसे मुलांच्या नावानं बँकेत ठेवले. सातबाऱ्यावर त्यांची नावं लागली, अज्ञान पालनकर्ता म्हणून मामाचं. ज्या जमिनीवर आता दगडांचा ढीग आहे तिच्यावर. बालसंगोपन योजनेतून महिना १,१०० रुपये सुरू झाले. त्या वर्षापर्यंत ही रक्कम ४२५ होती, आता ती २,२५० आहे. मुलगा दहावीपर्यंत बहिणीबरोबर मामाकडे, सुट्टीत काकांकडे, असं ठरलं. मुलाला ते पटलं नाही. पहिलं वर्षभर तो मला फोन करून विचारायचा, "मग मला विचारलं कशाला?" त्याला द्यायला माझ्याकडे फार चांगलं उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणायचे की विचारलं म्हणून तर तू माझ्याशी भांडतोयस, न विचारता पाठवलं असतं तर कुणाशी भांडला असतास? त्यावर तो फोन ठेवायचा. पुन्हा करायचा.

आता मे महिन्यात आम्ही याद्या करतो. अंगणवाडी सेविका बरोबर असल्याशिवाय ते होत नाही. गल्लीत कोण गरोदर आहे, कुणाचं पोर फिट येणारं आहे, कोण आजीकडे राहतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. गावातल्या, वस्तीवरच्या प्रत्येक मुलाचं नाव, रोजचं औषध असलं तर ते, पाणी आलं तर कुणाबरोबर आणि कुठं जाणार, आईबाप कामावर असतील तर हात कुणी धरायचा. जन्मदाखला आणि आधारच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दाराच्या मागच्या खिळ्याला. मोठ्या मुलांना आम्ही हेच काम देतो, आपल्या गल्लीची यादी आपण करायची. ती आमच्यापेक्षा कडक असतात. एका मुलीनं मांजरासाठी वेगळी ओळ केली होती, आम्ही ती तशीच ठेवली.

सांगलीत हे सगळ्यात अवघड जातं ते सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत. तिथं पुष्कळशी भाड्याची बिऱ्हाडं. कोण कर्नाटकातनं आलेलं, कोण बिहारमधनं, रेशनकार्ड गावाकडं, घरमालक दुसरीकडं. दरवर्षी कुणीतरी नवी सेविका विचारते, "ताई, भाडेकरूंची पोरं धरायची का? ती पुढच्या वर्षी असतील-नसतील."

धरायची. आणि त्यांची नावं आधी लिहायची, कारण आयर्विनवर इशाऱ्याचे ४० फूट होण्याच्या कितीतरी आधी त्या प्लॉटांच्या गटारांतून पाणी उलटं वर यायला लागतं.